कड्यांखालचा कागद

ओल खालून चढते, हे गिऱ्हाइकाला पटवण्यात माझा अर्धा धंदा जातो. छप्पर गळलं तर माणूस वर बघतो, खाली पातेलं ठेवतो आणि उघडीप मिळाली की घर शाकारून घेतो. जमिनीतून येणारी ओल कुणाला दिसत नाही. पोती बुडाशी काळी पडतात, ट्रंकेतल्या कपड्यांना वास येतो, फळी पायाखाली मऊ लागते, आणि लोक म्हणतात, "हवाच दमट आहे." हवा नव्हे, जमीन.

सांगलीत मी गेली वीस वर्षं हे काम करतो. दुकानाची पाटी डांबर, गोणपाट आणि प्लास्टिकच्या कागदाची आहे, पण गावात मला 'ओलवाले' म्हणतात. लग्नाच्या पंगतीतही कुणीतरी ओळख करून देतं, "हे आपले ओलवाले," आणि शेजारचा माणूस जिलबी हातात धरून आपल्या न्हाणीच्या भिंतीची कहाणी सांगू लागतो. मला राग येत नाही. डॉक्टरांचंही असंच होत असणार.

माझी पद्धत वहीची आहे. प्रत्येक कामाला एक पान आणि पानावर चार ठरलेले मथळे: पाणी कुठून येतं, कुठून जातं, लाकूड कुठलं, आणि काय राहिलं. चौथा मथळा मी काम संपवून निघताना दारात उभा राहून भरतो. हाताखालची माणसं हसतात, हसू देत. वहीमुळे मी कधी अर्ध्या वाटेवरून खिळे आणायला परतलेलो नाही.

सुरुवात गोदामांपासून झाली. आमच्याकडे हळद, गूळ आणि शेंगांची गोदामं पुष्कळ. माल भुईवर ठेवला तर खराब होतो, म्हणून जोत्यावर लाकडी कड्या टाकून वर फळ्या ठोकतात. कडी म्हणजे आडवा वासा, जिच्यावर फळ्या बसतात ती. कड्यांखाली दीड-दोन हात पोकळी असते आणि त्या पोकळीतून भुईची वाफ वर चढते. आम्ही पोकळीत शिरून कड्यांच्या खालच्या अंगाला काळा प्लास्टिकचा कागद ताणून ठोकतो, म्हणजे वाफ कागदापाशीच अडते. सगळं काम एवढंच आहे आणि त्यात चुकण्याच्या जागा मात्र शंभर आहेत.

एका हळदीच्या व्यापाऱ्याने मला काम चालू असताना बाजूला घेतलं होतं. "मिस्त्री, सगळीच ओल बंद करू नका हो. जरा असू द्या."

"का?"

"हळद फार सुकली की वजनाला हलकी होते."

"मग मला बोलावलंत कशाला?"

"म्हणून काय बुरशी येऊ द्यायची?"

वजन वाढेल पण बुरशी येणार नाही, एवढीच ओल मोजून ठेवणारा कारागीर मला अजून भेटलेला नाही. मी हात जोडले.

या अंकाच्या संपादकांना अशाच गमती हव्या होत्या. गमती माझ्याकडे आहेतही. पण लिहायला म्हणून वह्या काढल्या आणि सारखं एकच पान उघडत राहिलं. त्या पानावर चौथ्या मथळ्याखाली मी 'काही नाही' असं लिहिलेलं आहे. तेवढंच एक काम सांगतो.

त्र्याहत्तर सालच्या उन्हाळ्यात एक उंच, ताठ म्हातारा दुकानात आला. खाकी हाफशर्ट, धोतर, पायात फौजी बूट. काखेत टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी.

"ओलवाले ते तुमीच का?"

"मीच. बसा."

ते बसले नाहीत. टॉवेल सोडून त्यांनी फळीचा एक तुकडा गल्ल्यावर ठेवला. "ह्याला काय झालंय, रिपोर्ट द्या."

फळीच्या खालच्या अंगाला पिंजलेल्या कापसासारखी बुरशी होती. नख दाबलं, ते आत गेलं.

"किती वर्षांची फळी?"

"दोन पावसाळं."

"कुठलं गोदाम?"

"गोदाम न्हवं. घर हाय. पाटणच्या वर, कोयनेच्या अंगाला."

त्या भागातली घरं मला माहीत होती. दगडमातीच्या जाड भिंती, मातीची जमीन. फळ्यांची जमीन असलेलं शेतकऱ्याचं घर मी पाहिलं नव्हतं.

"घराला लाकडाची जमीन?"

"जिमीन, भिती, समदं लाकडाचं. फौजेत असताना वर डोंगरात तसली घरं बघितली हुती. हालत्यात, पर पडत न्हाईत."

'पडत न्हाईत' हे त्यांनी असं म्हटलं की मी पुढचं विचारलं नाही. त्यांनीच सांगितलं, उभ्या उभ्या, पत्ता सांगावा तसं. नाव आनंदराव, हवालदार म्हणून निवृत्त. सदुसष्टच्या डिसेंबरात पहाटे भूकंप झाला तेव्हा त्यांची मंडळी आणि सुनेचं तीन महिन्यांचं तान्हं घराच्या दगडी भिंतीखाली गेलं. त्याच भिंतीखालून सुनेला लोकांनी जिवंत काढलं. मुलगा तिकडे पलटणीत होता, आजही आहे. तेव्हापासून सून दगडाच्या घरात निजेना. पै-पाहुण्यांची घरं झाली, देवळाची ओवरी झाली. दगड दिसला की ती बाहेर येऊन बसे. तीन वर्षं ती बैलगाडी ठेवायच्या गवती छपरात राहिली, पावसाळ्यातसुद्धा. आणि पाटणच्या वरचा पाऊस म्हणजे चार महिने कपडा वाळत नाही असा.

"म्हून हे घर बांधलं. दोन वर्सं झाली, निजती आत. तेवढ्यासाठीच बांधलंय, दुसरं काय न्हाई. आन् आता तेच कुजाय लागलंय." त्यांनी फळी पुन्हा टॉवेलात गुंडाळली. "पावसाच्या आदी या."

मी त्याच आठवड्यात गेलो. बरोबर दस्तगीर होता, मिरजेचा सुतार. माझ्याच वयाचा, अंगाने काडी; माणूस शिरणार नाही अशा पोकळीत तो शिरतो. एसटीच्या टपावर कागदाची गुंडाळी आणि डांबराचे डबे टाकले, पुढे बैलगाडी. गावाच्या तोंडाशी पारावर बसलेल्या एकाने विचारलं, "खोक्यावर आलाय व्हय?"

"कुठला खोका?"

"हवालदाराचा, लाकडाचा. आन् हे काळं काय? खोक्याला सदरा शिवताय जनू."

हवालदारांचं घर खरंच खोक्यासारखं होतं. कमरेएवढं जोतं, त्यावर लाकडी सांगाडा, फळ्यांच्या भिंती आणि वर पत्रा. पण काम चोख होतं. कड्या ऐनाच्या, हातभर अंतरावर, जोत्याला आठ झरोके, एकही बुजलेला नाही. ज्याने बांधलं त्याने डोकं वापरलेलं होतं. फक्त या मातीला पाणी किती आहे, हे त्याने धरलं नव्हतं.

पोकळीतली भुई वरून कोरडी ठणठणीत दिसत होती. अशा वेळी माझी एक युक्ती आहे. सकाळी एक पितळी ताट भुईवर पालथं घालायचं आणि दुपारच्या चहाला उचलायचं. उचललं तर आतून थेंबच थेंब. हवालदारांच्या सूनबाई, इंदूबाई, चहा घेऊन आल्या होत्या. तिशीच्या आतल्या, हडकुळ्या, पदर कपाळापर्यंत. मी ताट त्यांच्यापुढे धरलं. त्यांनी एक बोट फिरवलं.

"आत पानी कुनी वतलं?"

"कुणी नाही, ताई. भुई देते."

त्या ताटाकडे बघत राहिल्या. मग हळूच विचारलं, "ह्यो कागद लावल्यावर घर जड हुईल का?"

मला हसू आलं. "कागदाला कसलं वजन?"

"तसं न्हवं. जड नगं, म्हून इचारलं."

तेव्हा माझं हसू गेलं.

मग वही काढून हवालदारांना विचारायचं ते विचारलं.

"छप्पर गळतं?"

"थेंब न्हाई."

"न्हाणी?"

"भाईर."

"चूल?"

"पडवीत, मातीच्या वट्ट्यावर. पान्याचा माठबी तितंच."

"घरात जमिनीवर पाणी सांडतं? धुणं, पुसणं?"

"मिस्त्री, फौजी मानसाचं घर हाय. आत पान्याचा थेंब सांडत न्हाई."

मी चारही ठिकाणी बरोबरच्या खुणा केल्या. ते खोटं बोलत नव्हते.

काम चार दिवस चाललं. कागद ताणून ठोकणं कुणालाही जमतं. खरी कसोटी कडीच्या टोकाशी लागते, जिथे ती जोत्याच्या दगडावर टेकते. तिथे कागदाला चुण्या घालाव्या लागतात, त्यात गरम डांबर भरायचं, वरून गोणपाटाची पट्टी आणि तिच्यावर लाकडाची चीप ठोकायची. कडीच्या पायात मोजा घालावा तसं ते बसलं पाहिजे. आळशी मिस्त्री तिथे बोटभर फट सोडतो आणि सगळी वाफ त्या फटीतून वर जाते. आम्ही एकही फट सोडली नाही. दस्तगीर दिवसभर उताणा पडून काम करत होता. बाहेरून मी विचारलं, "जमतंय ना रे?"

"जमतंय की! कबरीत निजायची सवय करतोय. जागा ऐसपैस हाय, मिस्त्री, तुमीबी येऊन बघा."

पंधरा दिवसांनी मी एकटाच तपासायला गेलो. काम बघून मलाच माझं कौतुक वाटलं. फळी बोटाने वाजवली तर टणटण बोलली. बुरशीचा वास गेला होता. मी दारात उभा राहून वहीत 'काही नाही' लिहिलं. एसटीची वेळ झाली होती म्हणून घड्याळ बघत होतो. मागून इंदूबाईंनी विचारलं, "मिस्त्री, आता सारवलं तर चालंल का? आदी ओली हुती, शेन धरत नव्हती. सारवल्याबिगर घर वाटत न्हाई."

"चालेल की. खुशाल सारवा," मी म्हणालो आणि निघालो.

त्यानंतर दोन वर्षं काही कळलं नाही. आमच्या धंद्यात गिऱ्हाईक काही कळवत नाही याचा अर्थ काम चांगलं झालं. दोन-तीन ठिकाणी मी त्या कामाचं उदाहरणही दिलं. शिराळ्याला एका गिऱ्हाइकाला तर म्हटलं, पाटणच्या वरचं घर बघून या आणि मग माझ्याशी बोला.

पंच्याहत्तरच्या श्रावणात हवालदारांचं कार्ड आलं. 'देवाऱ्यापाशी जमीन दबते. येऊन जाणे.' मी ते कामांच्या यादीत घातलं. नववा नंबर. पुढे आठ गोदामं होती आणि पावसात तिकडचा रस्ता खराब असतो. 'पाऊस उघडला की येतो,' असं उलट कार्ड टाकलं. दसरा झाल्यावर दुसरं कार्ड आलं. 'सून बाहेर निजते. ताबडतोब येणे.' दुसऱ्या दिवशी दस्तगीरला घेऊन पहिली गाडी धरली.

झालं होतं ते असं. सकाळची वेळ. इंदूबाई देवाऱ्यापुढे गुडघ्यांवर बसल्या होत्या. त्यांच्याखालची फळी दबली आणि तिच्याखालची कडी मोडली. त्या बाजूची जमीन वीतभर खाली गेली. खांब हादरले, फडताळातली भांडी धडाधड खाली आली. दुसरं कुणी असतं तर म्हणालं असतं, जमीन मोडली. त्यांनी पायाखाली हललेलं आणि डोक्यावरून भांडी आलेली एवढंच पाहिलं आणि अंगणात धाव घेतली. अंगणात उंबराचं झाड आहे, त्याला मिठी मारली. शेजारच्या बायकांनी हात सोडवायला घेतले तेव्हा बुंध्याची साल नखांत रुतलेली होती. इजा म्हणाल तर गुडघ्याला खरचटलं होतं.

"भूकंप न्हाई, कडी मोडली, म्हून शंभरदा सांगितलं," हवालदार म्हणाले. "कळतंय तिला. मला म्हनली, कळतंय मामंजी, पर पाय आत जात न्हाई."

गेला महिनाभर त्या पुन्हा बैलगाडीच्या छपरात होत्या. मी तिकडे पाहिलं. त्या वाटण करत होत्या. मान वर केली नाही.

दस्तगीर खाली शिरला. मी झरोक्याशी वाकून बसलो. "कागद कसा आहे?"

"एक नंबर. कुठं फाटला न्हाई. पर फुगलाय, मिस्त्री. झोळीगत लोंबतोय. चाकू मारू?"

"मार."

आत भस्सकन आवाज झाला आणि दस्तगीरची एक शिवी ऐकू आली. तो सरपटत बाहेर आला तेव्हा डोक्यापासून कमरेपर्यंत भिजलेला होता. पाणी हिरवट काळं होतं. त्याने दंड माझ्या नाकाशी धरला.

"घ्या वास. भुईतनं हे येत नसतं, मिस्त्री. हे शेन हाय."

मी स्वतः आत गेलो. कडीला चाकू लावला तर शिजलेल्या रताळ्यात जावा तसा मुठीपर्यंत गेला. देवाऱ्याच्या बाजूच्या नऊ कड्यांची तीच गत. टोकाचे मोजे, ज्यांचा मला अभिमान होता, ते काठोकाठ भरलेले होते. आत उताणा पडूनच मला सगळं कळलं. माझ्या कागदाने भुईची वाफ वर येऊ दिली नव्हती आणि वरचं सारवणाचं पाणी खालीही जाऊ दिलं नव्हतं. आठवड्यातून दोनदा सारवण, सणावाराला जास्त. फळ्यांच्या सांध्यांतून थोडं थोडं पाणी झिरपत कागदावर साठलं आणि कड्या अडीच वर्षं त्यात भिजत राहिल्या. मी कागद लावलाच नसता तर ते भुईवर ठिबकलं असतं आणि झरोक्यांच्या वाऱ्याने सुकलं असतं. फळ्यांना बुरशी आली असती, पण इतक्यात कडी मोडली नसती.

मी पाणी सांडतं का म्हणून विचारलं होतं. सारवणाला आपल्याकडे कुणी पाणी म्हणत नाही. माझी आई गावाकडे रोज पहाटे सोपा सारवायची. तिला कुणी विचारलं असतं की घरात पाणी सांडतेस का, तर तिने त्या माणसाला वेड्यात काढलं असतं. मीही वाफ, गळती, न्हाणी, माठ, सगळं विचारलं आणि हे विचारलं नाही. विचारायची गरजही नव्हती. इंदूबाईंनी आपणहून विचारलं होतं, आणि मी खुशाल सारवा म्हणालो होतो.

बाहेर आलो तेव्हा हवालदार दस्तगीरकडे बघत होते. वास त्यांनाही आला होता.

"शेनाचं पानी?"

"हो," मी म्हणालो. "वरून झिरपलंय. सारवणाचं."

ते छपराकडे वळले. "इंदे! भाईर ये."

त्या आल्या, पदर सावरून उंबराखाली उभ्या राहिल्या.

"लाकडाच्या जिमनीला शेन लावाय कुनी सांगितलं हुतं तुला?"

कुंपणाशी दोन-तीन बायका येऊन थांबल्या होत्या. इंदूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. फार वेळ नाही, समोरच्या माणसाला ओळखायला लागतो तेवढाच.

"कुनी न्हाई," त्या म्हणाल्या.

मी बोलायला हवं होतं. तोंडाशी आलंही होतं असं मी पुष्कळ दिवस स्वतःला सांगत आलो, पण ते खरं नाही. मी वही उघडली आणि कड्या मोजायला लागलो.

"तुझ्यासाठी घर बांधलं," हवालदार म्हणाले, "आन् तूच त्येची माती केलीस." त्यांचा आवाज चढला नव्हता, पण कुंपणापर्यंत गेला. संध्याकाळी आम्ही पारावरून निघालो तेव्हा तिथे तेच चाललं होतं. "सुनेनं खोका कुजवला." कुणीतरी मला सहानुभूतीनं म्हणालं, "तुमी तर ब्येस काम केल्तं मिस्त्री. बायामान्सांना काय कळतं?" मी मान हलवली. दस्तगीर माझ्याकडे बघत होता. त्याला त्या दारातल्या बोलण्याची कल्पना नव्हती, पण तो मला पंधरा वर्षं ओळखतो. गाडीत बसल्यावर एवढंच म्हणाला, "आज तुमची वही लवकर उघडली."

दुरुस्तीला दोन महिने लागले. नऊ कड्या बदलल्या. कड्यांखालचा सगळा कागद काढला, चाकूने फाडलेली जागा डांबराने जोडली आणि तोच पोकळीत भुईवर अंथरला, त्यावर वाळू टाकली, कडेला उतार दिला. आता वाफ भुईशीच अडणार होती आणि वरून काही झिरपलंच तर कड्यांना न भिजवता उतारानं बाहेर जाणार होतं. हीच रीत पहिल्यापासून बरोबर होती. आता मी सगळीकडे तशीच करतो. दिवसातून दोनदा सारवलं तरी त्या जमिनीला काही होणार नाही.

इंदूबाईंचा नवरा रजेवर आला होता. शांत माणूस. काम चालू असताना तो आम्हाला फळ्या धरू लागायचा. जमीन झाल्यावर त्याने घरात नाचल्यासारखे पाय आपटून बायकोला दाखवले. त्या अंगणातून बघत होत्या, हसल्याही. उंबऱ्यापर्यंत आल्या, एक पाऊल वर टाकलं, आणि ते काढून घेतलं. तो रजेचे उरलेले दिवस छपरातच निजला आणि पलटणीत परत गेला.

शेवटच्या दिवशी दस्तगीर सामान बांधत होता. हवालदार पडवीत बाजेचा काथ्या ताणत बसले होते. मी त्यांच्यापुढे उभा राहिलो.

"हवालदार, एक सांगायचं राहिलंय. सारवायचं ताईंनी मला विचारलं होतं. मीच सारवा म्हणालो."

त्यांचा हात थांबला नाही. "ठावं हाय."

"त्यांनी सांगितलं?"

"ती कशाला सांगती? मी उंबऱ्यातच हुतो, तुमची पिशवी घिऊन. माझ्या म्होरंच इचारलं तिनं."

"मग त्या दिवशी त्यांना का बोललात?"

त्यांनी काथ्याला पीळ दिला, गाठ मारली आणि गाठीवरच नजर ठेवली. "तुमी बोलाल, आसं वाटलं. तुमी न्हाई बोलला." पुढचा काथ्या ओढत म्हणाले, "घरातल्या मान्सावर वरडता येतं, मिस्त्री. भाईरच्यावर न्हाई येत. आन् घर मोडलं हुतं, कुनावर तरी वरडायचं हुतं."

"आता तरी त्यांना सांगा."

"काय सांगू? म्हातारपनी सुनेम्होरं कान धरू?" ते उठले आणि बाज उचलून आत घेऊन गेले. त्या घरात आता ते एकटे निजत होते.

मी छपराकडे गेलो. चार मेढी, वर गवत, तीन बाजूंना कुडाच्या भिंती. इंदूबाई सारवत होत्या. शेणाचा हात अर्धगोल फिरत होता आणि मागे ओली, सारख्या रेघांची जमीन सुटत होती. कोपऱ्यात कुडाच्या बुडाशी भुई काळपट दिसत होती. तिथे काय आहे, हे मला ताट पालथं न घालता सांगता आलं असतं.

"ताई, चूक माझी होती. मी हवालदारांना सांगितलंय."

"बरं."

"जमीन आता पक्की आहे. सारवलं तरी चालतं. या वेळी मी नीट विचार करून सांगतोय."

"बरं."

हात फिरतच होता. मला तिथून रिकामं जायचं नव्हतं. मी म्हणालो, "राहिलेला कागद आहे. निदान इथे तुमच्या अंथरुणाखाली टाकून देतो. तासाभराचं काम. पावसाळ्यात ओल वर येणार नाही."

त्या थांबल्या. बादलीच्या काठावर हात निथळला आणि पहिल्यांदा सरळ माझ्याकडे बघून बोलल्या. स्वरात राग नव्हता.

"नगा, मिस्त्री. हितली ओल मला दिसती."

सगळं सारवून झालं होतं, मी उभा होतो तेवढी जागा राहिली होती. त्या बादली घेऊन पुढे सरकल्या आणि वाट बघत बसल्या. मी बाजूला झालो.